फक्की

स्टेडियमवर रेषा मारायचं काम माझं.
पाण्यात कालवलेली फक्की, सुतळी, दोन खुंट्या,
आणि पहाटेची ती वेळ, जेव्हा जंक्शनवर
बेळगावची गाडी पाणी भरून घेत उभी असते.
सत्तावीस वर्षं झाली. रेषा सरळ कशी येते
कुणी विचारत नाही. वाकडी आली तर विचारतात.

नोल्याला पहिल्यांदा पाहिला तो पायांकडून.
मान खाली असते माझी, काय करणार.
रेल्वे क्वार्टरमधलं पोरगं, नोएल आवळे,
डाव्या बुटाला नाडीच्या जागी सलाईनची नळी.
आई मिशन हॉस्पिटलात आया, तिथनं आणलेली.
त्याच डाव्या पायानं
कोल्हापूरच्या संघावर कॉर्नरवरून थेट गोल घातला.
गोलकीपर हवेत, चेंडू जाळीत, आणि सबंध स्टँड
क्षणभर गप्प, भाकरी फुगायच्या आधी तवा असतो तसा.
मग फुटलं सगळं. माझ्या मेव्हण्यानं चप्पल वर फेकली
ती परत मिळालीच नाही.

नंतरचं काय सांगायचं. मिरजेत सगळ्यांना माहीत आहे.
पुण्याचा क्लब. तीन महिन्यांत परत.
रेफ्रीच्या गळपट्टीला हात. मोसमभर बंदी.
दारू आधी मॅचनंतर, मग मॅचच्या आदल्या रात्री,
मग मॅच कुठली.
फायनलला आम्ही पुन्हा पुन्हा मोजत होतो, दहाच भरत होते.
तो यार्डात सापडला, मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात,
झोपलेला. अंगात जर्सी, पायांत बूट,
नाड्या नीट बांधलेल्या.
म्हणजे निघाला होता.
मी अजून सांगतो सगळ्यांना : निघाला होता तो.
लोक हसतात.

पैसेही घेतलेत माझ्याकडून. आईच्या औषधाला म्हणून सातशे.
आईला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं,
मातीला मी होतो. मी होतो हे त्यालाही ठाऊक होतं.
दोघंही खाली बघत उभे राहिलो थोडा वेळ.
मग मी दिले.

मेव्हणा म्हणतो, "दस्तगीरभाई, त्या बेवड्याचं नाव काढू नका.
नवी पोरं बघा, काय पळत्यात."
पळतात. चांगली पळतात. वेळेवर येतात, केळी खातात,
आणि माझ्या ओल्या रेषांवरून
खुशाल दौडत जातात. पांढरे ठसे पार गोलपोस्टपर्यंत.
मी पुन्हा मारतो.

नोल्यानं कधी तुडवली नाही.
हे काही सांगण्यासारखं नाही, म्हणून कुणाला सांगितलं नाही.
सोळा वर्षांचा होता तेव्हापासून,
रेषेशी आला की अर्धं पाऊल थांबायचा,
नुकत्याच सारवलेल्या घरात शिरताना थांबतात तसा,
आणि पाय उचलून आत.
रेड कार्ड घेऊन शिव्या देत बाहेर जातानासुद्धा.

परवा रात्री उद्याच्या स्पर्धेची आखणी संपवून
मधल्या वर्तुळात बसलो होतो, कंबर धरून.
कंपाउंडच्या भगदाडातून कुणी आत आलं.
एका पायात चप्पल. नऊ वर्षांपूर्वीच्या रेफ्रीशी
अजून भांडण चालू होतं त्याचं, एकट्याचं.
इकडं झुकत, तिकडं झुकत टचलाईनपर्यंत आला.
मी श्वास धरला. खोटं कशाला बोलू,
एवढा तर त्या कॉर्नरलाही धरला नव्हता.

थांबला.
मग पाय उचलला, इतका वर, इतका वर,
की तोल जाऊन पडलाच.
पण पलीकडं.

उठवायला गेलो, तर डोळे न उघडता म्हणाला,
"भाई, पन्नास असतील का?"
होते.